नाकारलेले सूर

चित्रपट पाहून परतणारा रसिक कथेविषयी बोलतो, नटांविषयी बोलतो, गाणी असतील तर त्यांविषयी हटकून बोलतो. पार्श्वसंगीताविषयी तो क्वचितच बोलतो. ही उपेक्षा पार्श्वसंगीताच्या नशिबी लिहिलेलीच आहे. परंतु त्याहून मोठी उपेक्षा ज्यांच्या वाट्याला आली अशाही काही रचना आहेत. त्या लिहिल्या गेल्या, मोठ्या वाद्यवृंदाने वाजविल्या, ध्वनिमुद्रित झाल्या. आणि चित्रपट पडद्यावर आला तेव्हा त्यांच्या जागी दुसरेच काही ऐकू आले. पाश्चात्त्य चित्रसृष्टीत अशा नाकारलेल्या रचना थोड्याथोडक्या नाहीत आणि त्यांपैकी कित्येकांचे कर्ते आपापल्या काळातील अग्रगण्य संगीतकार होते. या रचना का नाकारल्या गेल्या, आणि त्या कारणांवरून चित्रसंगीताच्या पालटत गेलेल्या शैलीविषयी काय उमगते, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय आपल्या त्रैमासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, चित्रसंगीत हे स्वतःसाठी जगणारे संगीत नाही. ते दुसऱ्या कशाची तरी सेवा करण्यासाठी जन्माला येते. अशा संगीताचा अनुभव आपल्या ख्रिस्तसभेला शतकानुशतकांचा आहे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची आश्रयदाती संत सेसिलिया हिच्या सणादिवशी, पोप पायस दहावे यांनी पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात संगीताला उपासनेच्या विनम्र दासीची उपमा दिली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ साली उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात संगीताकडे सेवाकार्य म्हणूनच पाहिले. ही उपमा मान्य केली तरी एक प्रश्न उरतो. दासीने धनिणीचे शब्द नुसते परत उच्चारावेत, की धनिणीला स्वतःहून सुचले नसते असे काही तिच्यापुढे आणून ठेवावे? नाकारलेल्या चित्रसंगीताचा इतिहास आम्हांस या एका प्रश्नाचा इतिहास वाटतो.

चित्रपट तयार होण्याच्या क्रमात संगीतकार बहुधा शेवटी येतो. चित्रीकरण संपलेले असते, संकलन होत आलेले असते, आणि प्रदर्शनाला काही आठवडे उरले असता त्याला चित्रपट दाखविला जातो. संगीत कोठे सुरू व्हावे व कोठे थांबावे, हे दिग्दर्शकाबरोबर बसून ठरते. त्यानंतर सेकंदांचा हिशेब सांभाळून तो स्वरलिपी लिहितो आणि वाद्यवृंद ती पडद्यावरील चित्राशी जुळवून वाजवितो. हॉलिवूडच्या प्रथेप्रमाणे या रचनेची मालकी सामान्यतः चित्रसंस्थेकडे जाते. ती वापरावी, कापावी की बाजूला टाकावी, हे ठरविण्याचा अधिकार संगीतकाराच्या हाती राहत नाही. ॲरन कोपलंड यांच्यासारख्या थोर अमेरिकन संगीतकारालाही 'द एअरेस' (१९४९) या चित्रपटाच्या वेळी याचा प्रत्यय आला. त्यांच्या आरंभसंगीतातील भाग काढून तेथे एका जुन्या, परिचित फ्रेंच प्रेमगीताची धून घालण्यात आली. हा फेरफार आपला नव्हे, असे कोपलंड यांनी जाहीर केले. पुढे त्याच चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले.

त्या काळातील हॉलिवूडच्या संगीताला एक निश्चित शैली होती. 'किंग काँग' (१९३३) या चित्रपटाचे मॅक्स स्टायनर आणि 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' (१९३८) या चित्रपटाचे एरिक कोर्नगोल्ड हे दोघेही व्हिएन्नाच्या संगीतपरंपरेत वाढलेले होते. प्रत्येक प्रमुख पात्राला वा भावनेला स्वतःची धून द्यायची आणि कथेच्या वळणांबरोबर ती धून फिरवीत न्यायची, हे ऑपेराचे तंत्र त्यांनी पडद्यावर आणले. वाद्यवृंद मोठा, सुरावट लांब पल्ल्याची आणि भावना उघड, असे हे संगीत होते. प्रेक्षकाला ते हाताला धरून कथेतून नेत असे. या शैलीला पहिला मोठा धक्का १९६० नंतरच्या दशकात बसला.

तो धक्का समजून घेण्यासाठी आल्फ्रेड हिचकॉक आणि बर्नार्ड हर्मन या जोडीकडे पाहावे लागते. येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेले हिचकॉक आणि तापट स्वभावाचे हर्मन यांनी १९५५ पासून जवळजवळ दहा वर्षे एकत्र काम केले. 'सायको' (१९६०) या चित्रपटातील स्नानगृहातील हत्येच्या प्रसंगाला संगीत नको, अशी हिचकॉक यांची मूळ सूचना होती. हर्मन यांनी तरीही संगीत लिहिले. संपूर्ण चित्रपटासाठी त्यांनी केवळ तंतुवाद्ये घेतली होती, आणि या प्रसंगी व्हायोलिनच्या किंचाळीसारख्या तीव्र स्वरांनी त्यांनी जो परिणाम साधला तो आज चित्रपटाच्या इतिहासाचा भाग आहे. हिचकॉक यांनी ते ऐकले आणि आपला आग्रह सोडला. येथे सेवकाने आज्ञा मोडली, पण सेवा केली. आणि ती ओळखण्याइतका मोठेपणा धन्यापाशी होता.

सहा वर्षांनी 'टॉर्न कर्टन' (१९६६) या चित्रपटाच्या वेळी हीच कथा उलटी घडली. चित्रसंस्थेला खपणारे, नव्या धाटणीचे संगीत हवे होते. आता प्रेक्षक तरुण आहे, त्याला ठेका हवा, असे हिचकॉक यांनी हर्मन यांना आधीच कळविले होते. हर्मन यांनी काम स्वीकारले आणि आपल्या मनासारखेच लिहिले. सोळा हॉर्न, बारा फ्लूट, नऊ ट्राँबोन, चेलो आणि बास, आणि एकही व्हायोलिन नाही, असा हा विलक्षण जड व काळोखा वाद्यमेळ होता. ध्वनिमुद्रणाच्या वेळी आरंभीचा भाग ऐकताच हिचकॉक यांनी काम थांबविले. नवे संगीत जॉन ॲडिसन यांच्याकडून करून घेण्यात आले. हर्मन आणि हिचकॉक यांनी त्यानंतर पुन्हा कधीही एकत्र काम केले नाही.

या प्रसंगाचे वर्णन करताना हर्मन हुतात्मा आणि हिचकॉक विश्वासघातकी, अशी मांडणी सर्रास केली जाते. ती आम्हांस मान्य नाही. जी अट पाळावयाची नाही ती स्वीकारून काम घेणे, हा हर्मन यांचा दोष होताच. शिवाय चित्रपटातील शेतघरात होणाऱ्या हत्येचा प्रसंग पाहावा. एका माणसाला ठार करणे किती कठीण, किती लांबणारे आणि किती किळसवाणे असते, हे हिचकॉक यांना दाखवावयाचे होते. त्यासाठी तेथे त्यांना संगीत नको होते. हर्मन यांनी येथेही ते लिहिले. चित्रपटात हा प्रसंग अखेर संगीताविनाच आहे आणि त्या चित्रपटातील तोच सर्वांत प्रभावी प्रसंग आहे. म्हणजे 'सायको'च्या वेळी चुकलेले हिचकॉक येथे बरोबर होते. परंतु उरलेल्या चित्रपटाचे काय? तेथे हर्मन यांचे संगीत जाऊन जे आले ते नीटनेटके आहे, पण कथेतील भयाला त्याने काहीच पुरविले नाही. एका प्रसंगातील योग्य निर्णय आणि संपूर्ण रचनेविषयीचा भित्रा निर्णय, असे दोन निर्णय येथे एकाच दिवशी झाले. टीकेने त्यांची गल्लत करू नये.

हर्मन यांचे संगीत ठेका नाही म्हणून गेले. त्याच दशकात विल्यम वॉल्टन या इंग्रज संगीतकाराचे 'बॅटल ऑफ ब्रिटन' (१९६९) या चित्रपटाचे संगीत बाजूला ठेवण्यात आले. ध्वनिमुद्रिकेची तबकडी भरेल एवढी त्याची लांबी नव्हती, हे त्याचे एक कारण होते. लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी आग्रह धरल्यामुळे त्यातील हवाई युद्धाचा एक भाग तेवढा वाचला. बाकीचे संगीत रॉन गुडविन यांनी नव्याने लिहिले. चित्राला काय हवे, हा प्रश्न मागे पडून बाजाराला काय हवे, हा प्रश्न पुढे आल्याची ही दोन उदाहरणे होत.

परंतु बाजारापेक्षाही खोल परिणाम करणारी दुसरी एक गोष्ट याच सुमारास प्रकाशात आली. संकलन चालू असताना दिग्दर्शक व संकलक तात्पुरती सोय म्हणून एखादे तयार संगीत चित्राखाली जोडतात. याला त्या व्यवसायात टेम्प ट्रॅक म्हणतात. आपण त्याला कामचलाऊ संगीत म्हणू. मूळ रचना तयार झाली की हे काढून टाकावयाचे, अशी अपेक्षा असते. पण महिनोन् महिने तेच संगीत ऐकत चित्रपट कापला गेला की दिग्दर्शकाच्या कानात ते घर करते. त्यानंतर येणारी कोणतीही नवी रचना त्याला परकी वाटते.

'२००१ : ए स्पेस ओडिसी' (१९६८) हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. स्टॅन्ले कुब्रिक यांनी 'स्पार्टाकस' (१९६०) या चित्रपटाचे संगीतकार ॲलेक्स नॉर्थ यांना या कामासाठी लंडनला बोलाविले. आपल्याला आवडलेले कामचलाऊ संगीत कुब्रिक यांनी त्यांना ऐकविले होते. त्याचा गाभा सांभाळून स्वतःचे काही लिहिता येईल, असे नॉर्थ यांना वाटले. थोड्या दिवसांत त्यांनी चाळीस मिनिटांच्या आसपास संगीत लिहिले. अतिश्रमाने प्रकृती इतकी ढासळली की ध्वनिमुद्रणासाठी त्यांना रुग्णवाहिकेतून नेण्यात आले. चित्रपटाच्या उत्तरार्धासाठी संगीताची गरज नाही, असा निरोप त्यानंतर त्यांना मिळाला. न्यूयॉर्क येथील आरंभीच्या खेळाला ते गेले, आणि आपला एकही स्वर चित्रपटात नाही हे त्यांना तेथे बसून कळले. पडद्यावर होते ते रिचर्ड स्ट्राउस यांचे सूर्योदयाचे संगीत, योहान स्ट्राउस यांचा डॅन्यूब नदीवरील वॉल्ट्झ, खाचातुरियान यांच्या नृत्यनाट्यातील एक संथ भाग आणि लिगेती यांच्या रचना.

कुब्रिक यांचा निर्णय कलादृष्ट्या चुकला, असे आज कोण म्हणेल? आम्ही तरी म्हणणार नाही. काळ्या शिळेपुढे आदिमानव थबकतात तेव्हा ऐकू येतो तो लिगेती यांच्या 'रेक्विएम'मधील 'किरिये', म्हणजे मृतांसाठीच्या मिस्साबलिदानातील दयायाचना. चंद्रावरील प्रवासात ऐकू येते तेही त्याच मिस्साच्या शब्दांवर बांधलेले 'लुक्स एतेर्ना'. शब्द उमगत नाहीत, केवळ मानवी आवाजांचा एक हेलावणारा ढग उरतो. शतकानुशतके उपासनेत वावरलेल्या शब्दांनी विज्ञानकथेला अनंताचा स्पर्श दिला, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे. नॉर्थ यांचे संगीत १९९३ साली जेरी गोल्डस्मिथ यांनी नव्याने वाजवून घेतले, तेव्हा ते रसिकांना ऐकावयास मिळाले. ते जोमदार आणि सुरेख आहे. तरी त्याच्या आरंभी स्ट्राउस यांची सावली स्पष्ट दिसते. दिग्दर्शकाच्या मनात बसलेल्या सुरांशी झटापट करीत ते लिहिले गेले, आणि त्या झटापटीत ते जिंकणे शक्यच नव्हते. थोर संगीतकारांच्या रचना हाताशी असताना त्यांहून कमी प्रतीचे नवे संगीत कशाला, अशा आशयाचे समर्थन कुब्रिक यांनी पुढे केले. त्यांच्या चित्रपटापुरते ते खरे ठरले. अवघ्या व्यवसायाने ते तत्त्व म्हणून उचलले असते तर नवे संगीत लिहिण्याचे कारणच उरले नसते.

आपल्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) या चित्रपटाचे आहे. सैतानबाधा झालेली एक मुलगी आणि तिच्यासाठी झुंजणारे दोन धर्मगुरू यांची ही कथा. मूळ कादंबरीचे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी हे येशूसंघाच्या जॉर्जटाऊन विद्यापीठाचे विद्यार्थी होते, आणि चित्रपटातील फादर डायर यांची भूमिका एका खऱ्याखुऱ्या येशूसंघीय धर्मगुरूंनी केली आहे. संगीतासाठी लालो शिफ्रिन यांची निवड झाली होती. त्यांच्या संगीतासह जी जाहिरातफीत दाखविण्यात आली ती पाहून प्रेक्षक फारच हादरले आणि चित्रसंस्थेने संगीत सौम्य करावयास सांगितले. परंतु दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी तो निरोप आपल्यापर्यंत पोचविलाच नाही, असे शिफ्रिन यांनी पुढे सांगितले. ध्वनिमुद्रण ऐकून फ्रीडकिन संतापले आणि त्यांनी ध्वनिफीत वाहनतळाकडे भिरकावून दिली, अशी हकीकत सांगितली जाते. अखेर माइक ओल्डफील्ड यांच्या 'ट्यूब्युलर बेल्स'मधील एक तुकडा आणि पेंडरेत्स्की, वेबर्न आदींच्या रचनांतील काही अंश, तेही फार काटकसरीने, चित्रपटात आले.

आमच्या मते ही काटकसरच त्या चित्रपटाचे बळ आहे. थंड खोलीतील श्वासोच्छ्वास, पलंगाचा खडखडाट, प्रार्थना म्हणता म्हणता थकत जाणारा वृद्ध धर्मगुरूचा आवाज, यांनीच तेथे भय निर्माण होते. ध्वनिलेखनासाठी त्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले ते उगाच नव्हे. दुष्टतेच्या प्रत्येक पावलाला वाद्यवृंदाने दवंडी पिटली असती, तर श्रद्धेचा झगडा मागे पडून नुसता तमाशा उरला असता. म्हणून संगीत बदलण्याचा निर्णय आम्ही समजू शकतो. समजू शकत नाही ती रीत. रचना नाकारणे वेगळे आणि रचनाकाराला धुडकावणे वेगळे. श्रमाचे मोल ठरविताना श्रम करणारी व्यक्ती आधी पाहावी, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' या परिपत्रकात सांगितले. ते कारखान्याच्या कामगाराइतकेच स्टुडिओतील संगीतकारालाही लागू पडते. प्रेक्षागृहात बसून आपले काम रद्द झाल्याचे समजलेल्या नॉर्थ यांना एक पत्र लिहिण्याने कोणतीही कलाकृती बिघडली नसती.

नाकारणे हा नेहमीच अन्याय असतो, असेही नाही. रोमान पोलान्स्की यांच्या 'चायनाटाऊन' (१९७४) या चित्रपटासाठी फिलिप लँब्रो यांनी केलेले संगीत ऐन शेवटी बाजूला पडले. जेरी गोल्डस्मिथ यांना नवे संगीत करण्यास केवळ दहा दिवस मिळाले. त्यांनी चार पियानो, चार हार्प, तंतुवाद्ये, तालवाद्ये आणि एक एकाकी ट्रंपेट एवढ्यावर जे उभे केले त्याला आज तोड नाही. १९३० नंतरच्या दशकातील लॉस एंजलिस शहर, त्यातील पाण्याचा काळा व्यवहार आणि माणसाच्या अंतःकरणातील कुजकेपण त्या एका ट्रंपेटमध्ये उतरले आहे. बांधणाऱ्यांनी टाकून दिलेल्या दगडाची उपमा नाकारलेल्या रचनांविषयी बोलताना कोणालाही सुचेल. पण टाकलेला प्रत्येक दगड कोनशिला होण्याच्या योग्यतेचा असतोच असे नाही. टीकाकाराने दया दाखवावी, पण मोजपट्टी खाली ठेवू नये.

यानंतर शैलीत जो पालट झाला तो अधिक मूलगामी होता. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'मध्ये जॉन विल्यम्स यांनी कोर्नगोल्डच्या काळातील भव्य वाद्यवृंद पुन्हा प्रतिष्ठित केला खरा. पण १९९० नंतर संकलन आणि संगीत ही दोन्ही कामे संगणकावर आली. कामचलाऊ संगीत जोडणे अतिशय सोपे झाले. नमुना-प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या खेळांतही तेच वाजू लागले. संकलन प्रदर्शनाच्या तोंडावर येईपर्यंत बदलत राहू लागले. लांब पल्ल्याची सुरावट मधूनच चार सेकंद कापता येत नाही; ती मोडते. एकाच स्वरावर रेंगाळणारा गुंजारव, पुनःपुन्हा येणारा ठेका, थरावर थर चढवीत नेलेला नाद, हे मात्र हवे तेथे कापता येते व हवे तेवढे वाढविता येते. सुरावटीकडून नादाकडे झालेला हा प्रवास रुचीपालटाने झाला तितकाच कामाच्या या नव्या पद्धतीनेही झाला, असे आम्हांस वाटते.

'ट्रॉय' (२००४) या चित्रपटाची कथा या वळणावरील मैलाचा दगड आहे. 'द इंग्लिश पेशंट' (१९९६) या चित्रपटासाठी ऑस्कर मिळविलेले लेबनीज संगीतकार गॅब्रिएल यारेद यांनी त्यासाठी सुमारे वर्षभर परिश्रम केले. मोठा वाद्यवृंद, गायकवृंद, पूर्वेकडील वळणाचा स्त्रीकंठ, असा सर्व साज त्यांनी उभा केला. नमुना-प्रेक्षकांच्या एका खेळानंतर हे संगीत जुनाट ठरविण्यात आले आणि काही आठवड्यांत जेम्स हॉर्नर यांच्याकडून दुसरे करून घेण्यात आले. दुरुस्तीची संधीही आपल्याला मिळाली नाही, असे यारेद यांनी आपल्या निवेदनात म्हटले. हर्मन यांना निदान दिग्दर्शकाने तोंडावर नाकारले होते. येथे निकाल दिला तो एका संध्याकाळच्या अनोळखी प्रेक्षकांनी भरलेल्या प्रश्नपत्रिकांनी.

नव्या शैलीचे संगीतकारही या नियतीतून सुटले नाहीत. डेनी व्हिलनव्ह यांच्या 'अरायव्हल' (२०१६) या चित्रपटाला योहान योहान्सन यांचे संगीत होते. पण त्याच्या आरंभी व शेवटी मॅक्स रिश्टर यांची पूर्वीची एक रचना कायम ठेवण्यात आली. आधीच्या त्या रचनेचा वाटा मोठा आहे या कारणावरून योहान्सन यांचे मूळ संगीत ऑस्करच्या स्पर्धेस अपात्र ठरले. पुढच्याच वर्षी 'ब्लेड रनर २०४९' (२०१७) या चित्रपटातून योहान्सन यांना बाजूला व्हावे लागले आणि हान्स झिमर व बेंजामिन वॉलफिश आले. १९८२ सालच्या मूळ चित्रपटातील व्हँजेलिस यांच्या संगीताच्या अधिक जवळ जाणारे काही हवे होते, असा खुलासा व्हिलनव्ह यांनी केला. योहान्सन २०१८ साली अकाली निवर्तले. म्हणजे नाकारण्याचे कारण आता असे झाले : हे संगीत आम्ही आधी ऐकलेल्या संगीतासारखे नाही.

आज संपूर्ण रचना एकदम फेकून दिल्याच्या कथा गाजतात, पण त्याहून गंभीर गोष्ट गाजावाजा न होता घडते. पूर्वी दिग्दर्शकाला पियानोवर चाल ऐकविली जाई. खरे रूप वाद्यवृंदासमोरच प्रकट होई. त्या क्षणी आश्चर्यही घडे आणि स्फोटही होई. 'सायको'चे व्हायोलिन आणि 'टॉर्न कर्टन'चा भंग, दोन्ही त्याच पद्धतीची अपत्ये होत. आता प्रत्येक तुकड्याचा संगणकावर वाजविलेला नमुना दिग्दर्शक, निर्माते आणि इतर अनेकजण वाद्यवृंद बसण्यापूर्वीच ऐकतात. जे वेगळे आहे ते तेथेच, थोडे थोडे, रोजच्या रोज गाळले जाऊ शकते. ज्याची स्वरलिपीही मागे राहत नाही असे हे नाकारणे आहे. हर्मन यांची नाकारलेली रचना निदान कागदावर होती. म्हणून एल्मर बर्नस्टाइन यांना ती पुढे ध्वनिमुद्रित करता आली आणि 'केप फिअर' (१९९१) या चित्रपटात तिचे काही अंश उपयोगातही आणता आले. जे नमुन्याच्या टप्प्यावरच पुसले गेले त्याचे पुनरुत्थान कोण करणार?

तथापि दोष नव्या शैलीवर ढकलून मोकळे होण्यास आम्ही तयार नाही. 'इंटरस्टेलर' (२०१४) या चित्रपटाचे उदाहरण घ्या. क्रिस्टोफर नोलन यांनी हान्स झिमर यांना चित्रपटाची कथा सांगितली नाही, प्रकारही सांगितला नाही. बाप आणि मूल यांच्या नात्याविषयी लिहिलेला एक कागद तेवढा दिला आणि त्यावर काय सुचते ते लिहा, म्हणून सांगितले. त्या बीजातून जे वाढले त्याच्या केंद्रस्थानी लंडनमधील टेंपल चर्च या बाराव्या शतकातील देवळाचा ऑर्गन आला. हे संगीत नादप्रधान आहे, थरांचे आहे, पुनरावृत्तीचे आहे. म्हणजे शैलीने ते पूर्णपणे आजचे आहे. तरीही ते कोणाची नक्कल वाटत नाही, कारण संगीतकाराला आधी कोणाचे संगीत ऐकावयास लावले नव्हते. ऑर्गनला हवा लागते, त्याला श्वास घ्यावा लागतो. अंतराळातील माणसाच्या एकाकीपणाला देवळातील हा श्वास किती अचूक भेटला!

याहून जुने आणि आपल्या मनाला अधिक भिडणारे उदाहरण म्हणजे एन्नियो मोरिकोने. सर्जिओ लिओने यांच्या 'वन्स अपॉन ए टाइम इन द वेस्ट' (१९६८) या चित्रपटाचे संगीत त्यांनी चित्रीकरणापूर्वीच लिहिले होते आणि चित्रीकरणस्थळी ते वाजविले जात असे. म्हणजे संगीत आधी असणे हा दोष नव्हे. ते त्याच चित्रासाठी जन्मलेले असले पाहिजे. पॅराग्वेच्या अरण्यातील येशूसंघीयांच्या मिशनची कथा सांगणारा 'द मिशन' (१९८६) हा चित्रपट त्यांना दाखविण्यात आला तेव्हा, याला संगीताची गरज नाही, असे म्हणून त्यांनी प्रथम नकार दिला. येथे नाकारणारा खुद्द संगीतकार होता. आपण काही भर घालू शकू की नाही, हा प्रश्न त्याने स्वतःला आधी विचारला. मग त्यांनी जे लिहिले त्यात फादर गॅब्रिएल यांच्या ओबोची नक्षीदार युरोपीय धून, देवळातील समूहगायनाची परंपरा आणि ग्वारानी आदिवासींचा ताल हे तीन प्रवाह येतात, वेगवेगळे वाहतात आणि अखेरीस एकमेकांत मिसळतात. पडद्यावर ज्या समाजाचा विध्वंस होतो तो सुरांत मात्र अखंड राहतो. हे चित्रात नव्हते. ते संगीताने आणले. अशा संगीतकाराचेही 'व्हॉट ड्रीम्स मे कम' (१९९८) या चित्रपटासाठी केलेले काम नाकारले गेलेच, आणि तेथे मायकेल केमन यांचे संगीत आले. हेच मोरिकोने पुढे २०१५ साली रोममधील जेझू या येशूसंघाच्या मातृमंदिरात पोप फ्रान्सिस यांच्या नावे रचलेला मिस्सा सादर करते झाले, हे आपल्या वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते.

आरंभीच्या प्रश्नाकडे आता वळावे. दासीची उपमा पोप पायस दहावे यांनी दिली ती संगीताला हिणविण्यासाठी नव्हे. उपासना संगीतासाठी नसून संगीत उपासनेसाठी आहे, ही मर्यादा त्यांनी आखली. आणि त्याच आज्ञापत्रात, योग्यतेच्या नव्या रचनांना ख्रिस्तसभेचे दार उघडे असल्याचेही सांगितले. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की सेवेचा अर्थ उलगडतो. सेवा करणाऱ्याने धन्याची जागा घेऊ नये. पण त्याने धन्याचा प्रतिध्वनीही होऊ नये. हर्मन यांनी 'सायको'त केली ती सेवा. शेतघरातील त्या हत्येला त्यांनी संगीत दिले तो अतिक्रम. आणि कामचलाऊ संगीताबरहुकूम जे लिहून घेतले जाते तो निव्वळ प्रतिध्वनी.

हा मोह चित्रसृष्टीपुरता नाही. भक्तिगीताचे नवे शब्द हाती आले की लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या एखाद्या चालीवर ते बसवावेत, असे गायनवृंदाला वाटणे साहजिक आहे. परिचित चालीचा आधार घेऊन समाज एकमुखाने गातो, हे त्याचे मोलही आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या शब्दांना स्वतःचे काही सूर असतील, ते अजून कोणी ऐकलेलेच नसतील, ही शक्यता आपण पहिल्याच दिवशी मिटवून टाकतो. चित्र असो वा प्रार्थना, तिच्यासाठी नवे संगीत हवे असेल तर ते येईपर्यंत थोडी शांतता सहन करावी लागते. ती शांतता उसन्या सुरांनी भरून काढण्याची घाई ज्यांनी केली नाही, त्यांच्याच वाट्याला चांगले संगीत आले आहे.